विषमज्वराच्या लसी आणि प्रयोगशाळेतील प्राणी : प्रतिपिंडांची तुलना काय सांगते, काय सांगत नाही

विषमज्वराचा जंतू, म्हणजेच साल्मोनेला टायफी, निसर्गतः केवळ माणसाला आजारी पाडतो. उंदीर, ससा किंवा गिनीपिग यांच्या पोटात तो गेला, तरी त्यांना मुदतीचा ताप चढत नाही, आतड्याला व्रण पडत नाहीत आणि जंतू फार काळ शरीरात टिकतही नाही. असे असूनही गेल्या सव्वाशे वर्षांत माणसासाठी तयार झालेल्या विषमज्वराच्या लसींची पारख मोठ्या प्रमाणावर याच प्राण्यांच्या रक्तावरून झाली आहे. ज्या प्राण्याला रोगच होत नाही, त्याला लसीने वाचवले की नाही हे थेट पाहता येत नाही. म्हणून संशोधक त्याच्या रक्तात लसीविरुद्ध किती प्रतिपिंडे तयार झाली ते मोजतात आणि त्या आकड्यांवरून एका लसीची दुसरीशी तुलना करतात. ही तुलना कितपत विश्वासार्ह आहे, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु कोणती लस हजारो मुलांवरील चाचणीपर्यंत पोहोचेल आणि कोणती प्रयोगशाळेतच राहील, याचा निर्णय पुष्कळदा त्यावर ठरत आला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ९० लाख लोकांना विषमज्वर होतो आणि १ लाख १० हजार जणांचा त्यात मृत्यू होतो. भारतातील शहरी वस्त्यांत हा रोग किती खोलवर मुरला आहे, हे देशातील निवडक ठिकाणी मुलांवर ठेवलेल्या देखरेखीतून दिसले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिल्ली, कोलकाता आणि वेल्लोर येथील शहरी भागांत दर लाख बालवर्षांमागे ५७६ ते १,१७३ रुग्ण आढळले. पुणे जिल्ह्यातील ग्रामीण केंद्रात हेच प्रमाण ३५ होते. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू वाढत असल्याने लसीचे महत्त्व आणखी वाढले आहे. पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या अशाच एका जंतूमुळे त्या देशाने २०१९ मध्ये राष्ट्रीय लसीकरणात नव्या पिढीची लस जगात सर्वप्रथम आणली.

नेटली ते कसौली

मृत जंतूंपासून विषमज्वराची लस तयार करण्याचे पहिले प्रयत्न १८९६ मध्ये जवळजवळ एकाच वेळी दोन ठिकाणी झाले. जर्मनीत रिचर्ड फायफर व विल्हेल्म कोले यांनी आणि ब्रिटनमध्ये नेटली येथील लष्करी वैद्यकीय विद्यालयात ॲल्मरॉथ राइट यांनी ते केले. राइट यांचे सहकारी डेव्हिड सेम्पल हे पुढे १९०५ मध्ये कसौली येथे स्थापन झालेल्या केंद्रीय संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. स्वतः राइट १८९८ मध्ये प्लेग आयोगाचे सदस्य म्हणून भारतात आले, तेव्हा त्यांनी येथील सुमारे ४,००० ब्रिटिश सैनिकांना ही लस टोचली. त्याच सुमारास मुंबईत प्लेगच्या लसीवर काम करणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांच्या प्रयत्नांशी राइट परिचित होते.

लस टोचल्यानंतर काही घडले की नाही हे पाहण्यासाठी त्या काळी हाताशी असलेले साधन म्हणजे जंतूंच्या गुठळ्या धरण्याची चाचणी. रक्त गोठल्यावर वेगळा होणारा रक्तरस, म्हणजेच सीरम, जंतूंच्या द्रावणात मिसळायचा. प्रतिपिंडे असतील तर जंतू एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. रक्तरस दुपटीदुपटीने पातळ करत नेला असता ज्या पातळीपर्यंत गुठळ्या दिसतात, तिला टायटर म्हणतात. फर्नांद विदाल यांनी १८९६ मध्ये हीच पद्धत रोगनिदानासाठी रूढ केली. आजही तालुक्याच्या गावातील पॅथॉलॉजी लॅबमध्ये ‘विडाल’ करून घ्या असे डॉक्टर सांगतात, ती हीच चाचणी. तिच्या मर्यादा आता सर्वमान्य आहेत, पण लसींच्या तुलनेची परिभाषा तिच्यातूनच आली. जंतूच्या पृष्ठभागावरील प्रतिजन तो ‘ओ’, आणि त्याला पोहण्यास मदत करणाऱ्या केसासारख्या कशाभिकेवरील प्रतिजन तो ‘एच’. ससा या दोन्हींना उत्तम प्रतिसाद देतो. म्हणून प्रयोगशाळांना लागणारी प्रमाणित प्रतिद्रव्ये दीर्घकाळ सशांच्या रक्तापासूनच बनत राहिली.

उंदराने दिलेला कौल

तिसऱ्या प्रतिजनाचा शोध १९३४ मध्ये लागला. लंडनमधील लिस्टर संस्थेत आर्थर फेलिक्स आणि मार्गारेट पिट यांना असे दिसले की, काही जंतूंभोवती एक आवरण असते आणि असे जंतू उंदरांना अधिक सहज मारतात. या आवरणाला त्यांनी ‘व्हीआय’ हे नाव दिले. इंग्रजीत जंतूच्या मारकतेसाठी जो शब्द आहे, त्याची ती पहिली दोन अक्षरे. वील-फेलिक्स चाचणीच्या नावात असलेले फेलिक्स ते हेच.

येथे उंदीर कसा मरत असे, हे नीट समजून घेतले पाहिजे. तोंडावाटे जंतू देऊन उंदराला रोग होत नाही. म्हणून जंतू थेट त्याच्या उदरपोकळीत सुईने सोडले जात आणि शरीराचा प्रतिकार दुबळा पडावा यासाठी पुष्कळदा त्यासोबत म्युसिन हा श्लेष्मल पदार्थ मिसळला जाई. त्यामुळे उंदीर एक-दोन दिवसांत विषबाधेने मरे. तो विषमज्वर नव्हता. माणसात हा रोग आतड्यातून शिरतो, एक-दोन आठवडे शांतपणे प्लीहा, यकृत व अस्थिमज्जेत वाढतो आणि मग ताप येतो. या दोन घटनांत साम्य फार थोडे.

फेलिक्स यांचा तर्क मात्र सरळ होता. उष्णता आणि फिनॉल यांनी व्हीआयची प्रतिपिंडे निर्माण करण्याची क्षमता नष्ट होते. अल्कोहोलने मारलेल्या व अल्कोहोलमध्येच टिकवलेल्या जंतूंत ती शाबूत राहते. प्राण्यांच्या रक्तातील व्हीआय प्रतिपिंडे आणि उंदरांचे जीव वाचण्याचे प्रमाण या दोन्ही कसोट्यांवर अल्कोहोलची लस सरस ठरली. १९४१ पासून तिचा पुरस्कार सुरू झाला आणि प्रयोगशाळेतील पुराव्याच्या बळावर तिला मोठी प्रतिष्ठा मिळाली.

माणसांवरील नियंत्रित चाचणी त्यानंतर दशकाहून अधिक काळाने झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने १९५४-५५ मध्ये तत्कालीन युगोस्लाव्हियातील, आजच्या क्रोएशियातील, ओसियेक शहरात नागरिकांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला उष्णतेने मारलेली जुनी फिनॉल लस, दुसऱ्याला अल्कोहोलची लस आणि तिसऱ्याला तुलनेसाठी हगवणीची लस देण्यात आली. निकाल उलटा लागला. फिनॉलच्या जुन्या लसीने सुमारे ७० टक्के संरक्षण दिले. अल्कोहोलच्या लसीने दिलेले संरक्षण इतके अल्प होते की ते ठामपणे सांगण्याजोगेही नव्हते. उंदरांनी आणि सशांनी पहिला क्रमांक दिलेली लस माणसात शेवटची आली.

लसविज्ञानाच्या इतिहासात या चाचणीचे जे स्थान असायला हवे, ते तिला सामान्य वाचकांच्या माहितीत मिळालेले नाही. नियंत्रित चाचणीविना ती लस पुढेही वापरात राहिली असती, आणि रोग झालेल्यांच्या बाबतीत दोष लसीला न देता पाण्याला दिला गेला असता. निकाल उलटा का लागला, याची सर्व कारणे आजही एका वाक्यात सांगता येत नाहीत. एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. अल्कोहोलमुळे कशाभिकेवरील ‘एच’ प्रतिजन निकामी होतो. विडाल चाचणीसाठी निव्वळ ‘ओ’ प्रतिजन हवा असतो तेव्हा जंतूंवर अल्कोहोलचीच प्रक्रिया करतात, ती याच कारणाने. म्हणजे एक प्रतिजन जपताना दुसरा गमावला जात होता, आणि मोजमाप केवळ जपलेल्याचे होत होते.

पुढे १९६० च्या दशकात तत्कालीन ब्रिटिश गयानामध्ये शाळकरी मुलांवर झालेल्या चाचणीत ॲसिटोनने मारून वाळवलेली लस फिनॉलच्या लसीपेक्षा सरस ठरली. तिच्यात व्हीआयही टिकून राहत असे. अर्थात या साऱ्या लसींनी हात सुजत, ताप येई, एक-दोन दिवस अंथरूण धरावे लागे. त्यामुळे कालांतराने त्या मागे पडल्या.

माणसाच्या अधिक जवळचा प्राणी म्हणून चिंपांझीचाही विचार झाला. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगांत चिंपांझींना तोंडावाटे जंतू दिल्यावर माणसासारखा, परंतु सौम्य, विषमज्वर झाला. खर्च, उपलब्धता आणि नैतिक आक्षेप यांमुळे तो मार्ग पुढे फारसा चालला नाही. त्याच सुमारास अमेरिकेतील मेरीलँड येथे तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना जंतू पाजून लसींची परीक्षा झाली. कैद्याची स्वेच्छा कितपत खरी मानावी, हा त्या प्रयोगांवरील आक्षेप पुढे अधिकच तीव्र झाला आणि अशा चाचण्या थांबल्या.

शर्करा आणि प्रथिन

व्हीआय प्रतिजनाचे पुनर्वसन अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील जॉन रॉबिन्स आणि रेचेल श्नेअरसन यांच्या गटाने केले. व्हीआय ही रासायनिक दृष्ट्या एक बहुशर्करा, म्हणजे शर्करेच्या एकाच घटकाची लांब साखळी. ती शुद्ध स्वरूपात, तिची घडण न मोडता, जंतूपासून वेगळी करण्यात यश आले. १९८७ मध्ये दोन चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध झाले. नेपाळमधील काठमांडू खोऱ्यात सुमारे ७२ टक्के आणि दक्षिण आफ्रिकेत २१ महिन्यांपर्यंत ६४ टक्के संरक्षण एका इंजेक्शनने मिळाले. फेलिक्स यांनी उंदरात ओळखलेला प्रतिजन अखेर माणसातही संरक्षक ठरला. उंदीर सर्वस्वी चुकला नव्हता. त्याच्यावरून कोणती लस चांगली हे ठरवणे मात्र चुकले होते.

शुद्ध शर्करेची एक मूलभूत अडचण आहे. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी पेशींना ती थेट चेतवते, पण टी पेशींची मदत तिला मिळत नाही. टी पेशी प्रथिनांचे तुकडे ओळखतात, शर्करेचे नव्हे. परिणामी स्मृती तयार होत नाही, दुसरा डोस दिल्याने प्रतिपिंडे वाढत नाहीत आणि दोन वर्षांखालील बालकांमध्ये तर प्रतिसादच जेमतेम असतो. यावर उपाय म्हणजे शर्करेला एखाद्या प्रथिनाशी रासायनिक धाग्याने बांधून टाकणे. बी पेशी शर्करा ओळखून सारे संयुग गिळते, आतील प्रथिनाचे तुकडे टी पेशीला दाखवते आणि तिची मदत मिळवते. हीच संयुग्मित लस.

या कल्पनेची पहिली कसोटी प्राण्यांवरच लागली. १९८७ मध्ये रॉबिन्स यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्हीआय शर्करेला धनुर्वात व घटसर्प यांच्या निर्विष केलेल्या विषांसारख्या प्रथिनांशी जोडून ती उंदरांना आणि अल्पवयीन र्‍हीसस माकडांना टोचण्यात आली. नुसत्या व्हीआयपेक्षा संयुगाने अधिक प्रतिपिंडे निर्माण केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्या टोचणीनंतर पातळी आणखी वाढली. नुसत्या शर्करेत ही वाढ दिसत नाही. येथे प्राण्यांना विचारलेला प्रश्न फेलिक्स यांच्या प्रश्नापेक्षा वेगळा होता. ही लस रोग रोखेल काय, असे त्यांना विचारले नव्हते. हिच्यामागे टी पेशींची मदत उभी राहते काय, एवढेच विचारले होते. या प्रश्नाचे उत्तर देण्यास उंदीर पूर्णपणे पात्र आहे, कारण पेशींची ही व्यवस्था उंदरात व माणसात बरीचशी सारखी आहे. पुढे व्हिएतनाममध्ये २ ते ५ वर्षांच्या मुलांवर अशाच एका संयुग्मित लसीची चाचणी झाली. २००१ मध्ये जाहीर झालेल्या निकालात तिने २७ महिन्यांत ९१.५ टक्के संरक्षण दिले.

तुलना प्रत्यक्षात कशी होते

आजची पद्धत साधारण अशी असते. एकाच जातीचे, एकाच वयाचे उंदीर आठ-दहाच्या गटांत विभागतात. एका गटाला नुसती व्हीआय शर्करा, दुसऱ्याला नवी संयुग्मित लस, तिसऱ्याला आधीच मान्यता मिळालेली लस आणि चौथ्याला केवळ मिठाचे द्रावण देतात. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने एक वा दोन डोस पुन्हा दिले जातात. प्रत्येक टप्प्यावर थोडे रक्त घेऊन रक्तरसातील व्हीआयविरोधी प्रतिपिंडे ‘एलायझा’ पद्धतीने मोजली जातात. प्लॅस्टिकच्या छोट्या कूपिकांच्या तळाशी प्रतिजन चिकटवायचा, त्यावर रक्तरस घालायचा आणि चिकटलेली प्रतिपिंडे रंगाच्या गडदपणावरून ओळखायची, असे हे तंत्र.

अडचण पहिल्याच पायरीला येते. व्हीआय शर्करेवर मोठा ऋण विद्युतभार असल्याने ती प्लॅस्टिकला नीट चिकटत नाही. म्हणून काही प्रयोगशाळा आधी धनभारित प्रथिनाचा थर देतात, तर काही व्हीआयला बायोटिन जोडून ती दुसऱ्या प्रथिनाकरवी धरून ठेवतात. दोन्ही पद्धतींत तोच रक्तरस वेगवेगळे आकडे देऊ शकतो. त्यामुळे एका शोधनिबंधातील टायटर ३,२०० आणि दुसऱ्यातील १२,८०० असे पाहून दुसरी लस चौपट चांगली म्हणणे निरर्थक असते. माणसांच्या बाबतीत हा गोंधळ कमी व्हावा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये व्हीआयविरोधी मानवी प्रतिपिंडांचे आंतरराष्ट्रीय प्रमाणद्रव्य निश्चित केले. ते माणसाच्या रक्ताचे असल्याने उंदराच्या रक्तरसाची मोजणी त्याने आपोआप सुधारत नाही. तेथे प्रत्येक प्रयोगातच ओळखीची लस सोबत ठेवणे हाच खरा आधार राहतो.

सरासरी काढण्याची रीतही वाचकाने तपासावी अशी आहे. समजा, चार उंदरांचे टायटर १००, २००, ४०० आणि ६,४०० आले. साधी सरासरी १,७७५ होते आणि लस उत्तम वाटते. प्रत्यक्षात ती एकाच उंदराची करामत असते. भूमितीय सरासरी काढली तर तोच आकडा सुमारे ४७६ येतो. म्हणून प्रतिपिंडांच्या अभ्यासात भूमितीय सरासरीच दिली जाते आणि प्रत्येक प्राण्याचा आकडा आलेखात स्वतंत्र बिंदूने दाखवणे चांगले मानले जाते.

डोसाचा हिशेब त्याहून फसवा आहे. संयुग्मित लसीचा माणसासाठीचा डोस २५ मायक्रोग्रॅम व्हीआय इतका असतो. उंदराला त्याचा दहावा भाग, म्हणजे २.५ मायक्रोग्रॅम, दिला तरी २० ग्रॅमच्या उंदराला वजनाच्या प्रमाणात तो ६० किलोच्या माणसापेक्षा सुमारे ३०० पट ठरतो. इतक्या भरघोस डोसाला दोन्ही लसी सारखाच जोरकस प्रतिसाद देतात आणि त्यांच्यातील फरक झाकला जातो. म्हणून अनेक अभ्यासांत उतरत्या डोसांची मालिका वापरतात. दुर्बळ लस आधी कोसळते आणि तेव्हाच तुलना बोलू लागते.

प्रतिपिंडांचा प्रकारही पाहावा लागतो. नुसत्या शर्करेला उंदीर प्रामुख्याने ‘आयजीएम’ आणि थोड्या प्रमाणात ‘आयजीजी-३’ प्रतिपिंडांनी उत्तर देतो. संयुग्मित लसीनंतर ‘आयजीजी-१’चे प्रमाण ठळकपणे वाढते, आणि ते टी पेशींच्या सहभागाचे चिन्ह समजले जाते. शर्करेच्या साखळीची लांबी, तिच्यावरील ॲसिटिल गटांचे प्रमाण, प्रथिनाशी न जोडता सुटी राहिलेली शर्करा यांचाही परिणाम दिसतो. ॲसिटिल गट काढून टाकले तर व्हीआयची प्रतिपिंडे जागवण्याची शक्ती बहुतांशी जाते.

प्राण्याची निवड हा वेगळाच विषय आहे. जंतूंच्या अखंड पेशींना जोमाने प्रतिसाद देणारा ससा शुद्ध शर्करेला मात्र थंडच असतो. प्रौढ उंदीर शुद्ध व्हीआयलाही बऱ्यापैकी प्रतिपिंडे तयार करतो, पण मानवी बालक तसे करत नाही. म्हणून प्रौढ उंदरावरील आकडे पाहून नऊ महिन्यांच्या बाळाविषयी काही म्हणता येत नाही. १९८७ च्या अभ्यासात अल्पवयीन माकडे घेतली गेली, त्याचे महत्त्व येथे कळते.

प्रतिपिंडांच्या पलीकडे

तोंडावाटे दिली जाणारी ‘टीवाय-२१ए’ ही जिवंत, दुर्बल केलेली लस या साऱ्या मापनपद्धतीला आव्हान देते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे १९७५ मध्ये विकसित झालेल्या या जंतूभोवती व्हीआयचे आवरणच नाही. व्हीआयच्या एलायझात तिची नोंद शून्याजवळ राहील. तरीही चिलीतील सँटियागो येथील चाचणीत तिच्या कॅप्सूलनी तीन वर्षांत ६७ टक्के संरक्षण दिले. तिचे कार्य आतड्यातील स्थानिक प्रतिकार, इतर प्रतिजनांविरुद्धची प्रतिपिंडे आणि पेशींचा प्रतिसाद यांतून घडते. अशा जिवंत लसींची उंदरावर तुलना करायची तर तोंडाचा मार्ग उपयोगी पडत नाही. म्हणून १९९० च्या दशकापासून त्या उंदराच्या नाकात थेंबाने देण्याची पद्धत रूढ झाली.

उंदराला खराखुरा विषमज्वरासारखा रोग देणारा जंतू आहे, तो साल्मोनेला टायफीम्युरियम. माणसात तो साधारणतः जुलाब घडवतो, उंदरात मात्र सर्वांगात पसरतो. पण त्याला व्हीआयचे आवरण नसते. यावर तोडगा म्हणून काही संशोधकांनी व्हीआयची जनुके टायफीम्युरियममध्ये घालून संकरित जंतू तयार केले आणि लस दिलेल्या उंदरांवर ते सोडले. प्रतिपिंडे प्रत्यक्षात काही काम करतात काय, हे त्यातून तपासता येते. तरी हा परक्या जंतूला चढवलेला अंगरखाच होय.

आकडा मोठा म्हणजे संरक्षण मोठे, हे समीकरण माणसातही सरळ नाही. ऑक्सफर्ड येथे प्रौढ स्वयंसेवकांना लस देऊन नंतर जंतू पाजण्याचा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. हैदराबादच्या भारत बायोटेकने तयार केलेल्या संयुग्मित लसीने नुसत्या व्हीआय लसीच्या चौपट प्रतिपिंडे निर्माण केली. मुख्य निकषावर संरक्षण मात्र अनुक्रमे ५४.६ आणि ५२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच, निघाले. ताप आल्यानंतर रक्तात जंतू सापडणे, हा प्रत्यक्ष रुग्णाच्या अधिक जवळचा निकष लावला असता संयुग्मित लसीचा आकडा ८७.१ टक्क्यांवर गेला. त्याच स्वयंसेवकांच्या रक्ताच्या पुढील तपासणीत ‘आयजीए’ या प्रकारच्या प्रतिपिंडांचा संरक्षणाशी संबंध दिसला, तर उंदरांवरील बहुतेक तुलना ‘आयजीजी’वरच थांबतात.

याच लसीला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता २०१७ च्या अखेरीस मिळाली आणि मार्च २०१८ मध्ये सहा महिन्यांवरील मुलांसाठी तिच्या एका डोसाची शिफारस झाली. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्येच ९ महिने ते १४ वर्षे वयोगटातील एक लाखाहून अधिक मुलांना ती दिली. सार्वजनिक यंत्रणेमार्फत झालेले या लसीचे ते जगातील पहिले लसीकरण होते. त्यानंतर नेपाळ, मलावी आणि बांगलादेश येथील मोठ्या चाचण्यांत संरक्षण ८० टक्क्यांच्या आसपास आढळले. यातील एकही आकडा उंदराच्या रक्तावरून आधी सांगता आला नसता.

एकदा अशी लस सिद्ध झाली की पुढच्या उत्पादकांचे काम बदलते. हजारो मुलांवर पुन्हा तशीच चाचणी करण्याऐवजी, आपल्या लसीची प्रतिपिंडे मान्यताप्राप्त लसीपेक्षा कमी नाहीत, हे माणसांत दाखवणे पुरते. प्राण्यांवरील तुलना ही त्याआधीची चाळणी ठरते. हैदराबादच्याच बायोलॉजिकल ई कंपनीची लस, जिची व्हीआय शर्करा विषमज्वराच्या नव्हे तर सिट्रोबॅक्टर या निरुपद्रवी नातलग जंतूपासून काढतात, या वाटेने येऊन डिसेंबर २०२० मध्ये पूर्वमान्यता मिळवू शकली. दोन जंतूंतील शर्करा एकच आहे असे रसायनशास्त्र सांगत होते. शरीरही ती एकच मानते काय, हे सांगण्यासाठी रक्तरस लागला.

नेहमीच्या उत्पादनात मात्र प्राण्यांची गरज घटत चालली आहे. संयुग्मित लसींविषयीच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत लसीच्या प्रत्येक घाण्याची पारख मुख्यतः शर्करेचे प्रमाण, साखळीचा आकार, ॲसिटिल गट व सुटी शर्करा या भौतिक-रासायनिक कसोट्यांवर केली जाते. जुन्या मृतजंतू लसींच्या काळी उंदरांवर जी परीक्षा सक्तीची होती, तिची जागा आता उपकरणांनी घेतली आहे. भारतात प्राण्यांवरील प्रयोगांवर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील समितीचे नियंत्रण असते, आणि मार्च २०२३ मध्ये औषध चाचणी नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी अन्य पद्धतींनी मिळवलेली माहितीही ग्राह्य धरण्याची वाट खुली झाली.

जेथे नवे काही घडते आहे तेथे उंदीर आणि ससा यांची सुटका अद्याप नाही. विषमज्वराचाच भाऊबंद असलेल्या पॅराटायफॉइड-ए या रोगावर मान्यताप्राप्त लस उपलब्ध नाही. त्याच्या जंतूला व्हीआयचे आवरण नसल्याने आजच्या संयुग्मित लसी त्याच्यापासून वाचवत नाहीत. दोन्ही रोगांवर एकत्र चालणारी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केली असून ६० भारतीय प्रौढांवरील तिच्या पहिल्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पॅराटायफॉइड-एचा जंतूही माणसापुरताच मर्यादित आहे. त्यामुळे अशा लसींच्या बाबतीत प्रतिपिंडे नुसती मोजून न थांबता, रक्तरस जंतूंवर घालून तो त्यांना प्रत्यक्ष मारतो काय, ही चाचणीही केली जाते. उंदरांच्या वा सशांच्या रक्तरसावर ती आधी बसवून घेतात, मग माणसांच्या.